अकरावीचे विषय घेण्याआधी डिग्रीचा फॉर्म उघडून बघा

जूनमध्ये माझ्या दुकानात दोन रांगा लागतात. एक दहावी झालेल्यांची, अकरावीचा फॉर्म भरायला, आणि दुसरी बारावी झालेल्यांची, डिग्रीचा. सोलापुरात अशोक चौकाकडं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटंसं दुकान आहे, दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर जो नेमका शेवटच्या तारखेलाच कागद गिळतो. इतकी वर्षं फॉर्म भरून एक गोष्ट कळलीय, दुसऱ्या रांगेतल्या पोरांचा जो घोळ निघतो ना तो दोन वर्षांपूर्वी पहिल्या रांगेत झालेला असतो. तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही इतकंच.

मागच्या एका सीझनची गोष्ट सांगतो. एक मुलगी आणि तिचे वडील आले, वडील एमआयडीसीत लूमवर कामाला, शिफ्ट सुटल्यावर तसेच आलेले, शर्टाला सुताचा कोंडा तसाच. "दादा, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायचाय." बारावीला ७८ टक्के. मार्कशीट बघितली तर इंग्लिश, मराठी, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, जॉग्रफी. मॅथ्सच नाही. सीईटीपण (राज्याची प्रवेश परीक्षा) पीसीबी, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी ग्रुपची दिलेली. मी म्हटलं ताई, मॅथ्स कुठाय, तर म्हणली अकरावीला मैत्रिणींनी सोडलं म्हणून मीपण सोडलं, आणि कॉलेजात कुणी काय बोललं नाही. वडील परत परत एकच विचारत होते, "७८ पडलेत की ओ, मग अडचण काय हाय?" आता ह्याचं उत्तर द्यायला लई जीवावर येतं बघा. मार्क भरपूर आहेत पण चुकीच्या विषयात आहेत, हे त्या माणसाला कसं सांगायचं.

म्हणून हे लिहितोय. अकरावीचा फॉर्म भरायच्या आधी डिग्रीचा फॉर्म बघा. उलटं वाटतं पण तसंच करायचं. पोरगं जे काय म्हणतंय, इंजिनिअर, फार्मसी, नर्स, सीए, वकील, असे दोन-तीन पर्याय कागदावर लिहा आणि त्या प्रत्येक कोर्सची माहितीपुस्तिका सीईटी सेलच्या वेबसाइटवरनं किंवा त्या त्या परीक्षेच्या साइटवरनं उघडा. शंभर पानं असतात, सगळी वाचायची गरज नाही, 'पात्रता' नावाचं पान शोधा आणि त्यात तीनच गोष्टी बघा : बारावीला कुठले विषय लागतात, त्या विषयांत मिळून किती टक्के लागतात, आणि प्रवेश परीक्षा कुठली. मोबाईलवर स्क्रीनशॉट काढून ठेवा. क्लासवाल्याच्या जाहिरातीतनं किंवा शेजारच्या काकांच्या तोंडनं ऐकलेली पात्रता धरायची नाही, कारण काकांच्या वेळचे नियम वेगळे होते आणि नियम दरवर्षी थोडेफार हलतात.

आता इंजिनिअरिंगचं बघू, कारण आपल्याकडं निम्मी पोरं त्याच वाटेनं जातात, इथल्या वालचंद कॉलेजला नंबर लागला पाहिजे, नाहीतर पंढरपूर, नाहीतर पुणे. सरळ हिशोब आहे, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घ्यायचं आणि एमएचटी-सीईटी पीसीएम ग्रुपमधनं द्यायची. बारावीला फिजिक्स-मॅथ्स सक्तीचं, तिसरा विषय बहुतेक जण केमिस्ट्री धरतात, आणि त्या तीन विषयांत मिळून ओपनला ४५ टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाला ४० टक्के. म्हणजे ३०० पैकी १३५ किंवा १२०. हे सोपं वाटतं आणि इथंच पोरं पडतात, कारण दहावीला बेस्ट ऑफ फाईव्हची सवय लागलेली असते, एक विषय बुडाला तरी टक्के वर राहतात. इथं तसं चालत नाही. समजा फिजिक्सला ४१, केमिस्ट्रीला ४४ आणि मॅथ्सला ४८ पडले, बेरीज १३३. पोरगं पास आहे, इंग्लिश-मराठी धरून एकूण टक्केवारी पण साठच्या आसपास आहे, सीईटीला पर्सेंटाइल चांगला आहे, आणि तरी, तिसरा विषय केमिस्ट्रीच धरला तर, ओपनमधनं इंजिनिअरिंगला अपात्र, दोन मार्कांसाठी. ते दोन मार्क प्रॅक्टिकलला सहज मिळाले असते. फिजिक्स-केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल ३० मार्कांचं असतं, मॅथ्सचं २० चं, आणि आपल्याकडं जानेवारीत होम मैदानावरची गड्ड्याची जत्रा संपते न संपते तोच प्रॅक्टिकल सुरू होतात, जर्नल अपुरी असते, मग सही घ्यायला पळापळ. जर्नल डिसेंबरात पूर्ण करा बाबांनो, पुढं मग होम मैदानावर पाळण्यात बसा काय बसायचं ते.

सीईटीचं थोडं. पीसीएम ग्रुपला फिजिक्स ५० मार्क, केमिस्ट्री ५०, मॅथ्स १००, एकूण २००, निगेटिव्ह मार्किंग नाही. मॅथ्सच्या एका प्रश्नाला दोन मार्क म्हणजे मॅथ्स कच्चं असेल तर अर्धा पेपर गेलाच. अभ्यासक्रमात अकरावीला साधारण २० टक्के वेटेज आणि बारावीला ८०. हे २० टक्के बघूनच सांगतो, 'अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष' ही जी अफवा प्रत्येक कॉलेजच्या कट्ट्यावर असते तिच्यावर विश्वास ठेवू नका. आयआयटी-एनआयटीचं डोक्यात असेल तर जेईई, तिथं अकरावीचा भाग ह्याच्यापेक्षा जास्त येतो, आणि वरनं बारावीला ७५ टक्के (एससी-एसटीला ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाइलमध्ये पाहिजे. म्हणजे जेईईच्या नादात बोर्ड सोडून द्यायचं नाही.

आता बायफोकल. दरवर्षी पाच-पन्नास पालक विचारतात. बायफोकल म्हणजे कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, क्रॉप सायन्स वगैरे २०० मार्कांचा विषय, तो घेतला की दुसरी भाषा जाते आणि एक ऑप्शनल विषय जातो, बहुतेक वेळा बायोलॉजी. फायदा खरा आहे, कॉम्प्युटर सायन्सला पोरं चांगले मार्क काढतात आणि टक्केवारी फुगते. पण फिजिक्स-मॅथ्सचे मार्क त्यानं फुगत नाहीत, हे लक्षात ठेवा. आणि बायोलॉजी गेलं म्हणजे मेडिकलची 'नीट' परीक्षा गेली. पोराला इंजिनिअरिंगच करायचंय हे पक्कं असेल तर बायफोकल मस्त. पक्कं नसेल तर नको. आयटी हा वेगळा विषय, तो १०० मार्कांचा आणि दुसऱ्या भाषेच्या जागी येतो, बायोलॉजीला हात लागत नाही. हे दोन्ही एकच समजून पोरं गोंधळ करतात.

मेडिकलला जायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्लिश, हे चारही. इंग्लिश कुणी मोजत नाही पण ते लिहिलेलं आहे. पीसीबीत मिळून ओपनला ५० टक्के, राखीवला ४०, आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण पाहिजे. आपल्याकडं काही जणांची जन्मतारीख शाळेत घालताना मागंपुढं केलेली असते, ती इथं नडते. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस आणि आपल्या राज्यात फिजिओथेरपीसुद्धा नीटवरच. बीएस्सी नर्सिंगला आता वेगळी सीईटी आहे, त्यालाही पीसीबी आणि इंग्लिश लागतं. "नर्सिंगच करायचंय, आर्ट्स घेतलं तरी चालतंय की" असं म्हणणारे अजून भेटतात, बीएस्सीला नाही चालत.

फार्मसी आणि ॲग्री हे दोन जरा मोकळे आहेत. बी.फार्मला फिजिक्स-केमिस्ट्री पाहिजेच, तिसरा विषय मॅथ्स किंवा बायोलॉजी, सीईटी कुठल्याही ग्रुपची चालते. डी.फार्मला तर सीईटीच नाही, बारावीच्या मार्कावर. बीएस्सी ॲग्रीलापण दोन्ही ग्रुप चालतात, आणि शेती असलेल्यांना सातबाऱ्याचा जादा फायदा मिळतो, त्यामुळं बार्शी, मोहोळ, माढ्याकडनं येणाऱ्या पोरांनी उतारा आधीच काढून ठेवावा, जूनमध्ये तलाठी भाऊसाहेब सापडणं हे सीईटीपेक्षा अवघड आहे.

आर्किटेक्चरला नाटा परीक्षा, आणि बारावीला फिजिक्स-मॅथ्स पाहिजेच. ड्रॉइंग चांगलं आहे म्हणून आर्किटेक्ट होतो म्हणणाऱ्या पोरांनी हे वाचा. एनडीएला आर्मीसाठी कुठल्याही शाखेचा चालतो पण एअरफोर्स आणि नेव्हीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स.

मग ज्याचं काहीच ठरलेलं नाही त्यानं काय करायचं? माझं मत विचाराल तर पीसीएमबी, चारही घ्या. इंग्लिश, मराठी आणि हे चार, बरोबर सहा विषय होतात. लोड आहे, खोटं बोलत नाही, बायोलॉजीच्या आकृत्या आणि मॅथ्सचे इंटिग्रेशन एकाच आठवड्यात म्हटल्यावर पोरं वैतागतात. पण एक बघा, घेतलेल्या विषयाकडं पुढं दुर्लक्ष करता येतं, पासापुरता अभ्यास करून सोडून देता येतो. सोडलेला विषय परत आणायला मात्र वर्ष जातं. आणि चारही असले की सीईटीचे दोन्ही ग्रुप देता येतात, फी दोनदा भरावी लागते ती गोष्ट वेगळी. काही मास्तर लोकांना हे पटत नाही, ते म्हणतात एकावर लक्ष केंद्रित करा. त्यांचंही बरोबर असेल, पण १६ व्या वर्षी ज्याला दुकानात उभं राहून कोल्ड्रिंक कुठलं घ्यायचं हे ठरत नाही त्याचं करिअर ठरलेलं असतं असं मला तरी दिसलं नाही.

कॉमर्सला वेगळाच तिढा आहे, एसपी की मॅथ्स. अकाउंट्स, इकॉनॉमिक्स, ओसी (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स) हे असतंच, आणि मग सेक्रेटरियल प्रॅक्टिस घ्यायचं का मॅथ्स, तर दहातली बरीच पोरं एसपीकडं पळतात कारण पाठ करून मार्क पडतात. सीए करायला बारावीला मॅथ्स लागत नाही हे खरंय. पण सीए फाउंडेशनचा तिसरा पेपर बिझनेस मॅथ्स, लॉजिकल रिझनिंग आणि स्टॅटिस्टिक्सचाच आहे, १०० मार्कांचा, निगेटिव्ह मार्किंगसकट, आणि प्रत्येक पेपरला कमीत कमी ४० पाहिजेत. दोन वर्षं गणिताचं तोंड न बघितलेल्या पोराचा तिथं घाम निघतो. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचं असेल तर मॅथ्स सक्तीचं आहे, तिथं प्रवेश सीयूईटी ह्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेवर होतो. अजून एक, बोर्डाचं मॅथ्स दोन प्रकारचं असतं, आर्ट्स-सायन्सचं विषय क्रमांक ४० आणि कॉमर्सचं ८८. दोन्हीचं पुस्तक वेगळं, पेपर वेगळा. पुढच्या कोर्सला कुठलं चालतं हे बघून घ्या. आणि बीबीए, बीसीएला आता सीईटी द्यावी लागते, २०२४ पासून. एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या कॉलेजांत तिच्याशिवाय आधी नंबर लागत नाही. "बीबीए काय, थेट ॲडमिशन मिळतंय" म्हणून बसून राहिलेले किती तरी जण मी बघितलेत.

आर्ट्सवाल्यांनो, तुम्हाला कुणी काय सांगत नाही म्हणून दोन ओळी. पाच वर्षांच्या लॉला कुठलीही शाखा चालते, ओपनला बारावीला ४५ टक्के आणि सीईटी. आर्ट्सलाही ४० नंबरचं मॅथ्स घेता येतं, कॉलेज ते शिकवत असेल तर. इकॉनॉमिक्स आणि सायकॉलॉजी पुढं उपयोगी पडतात. भाषेचं म्हणाल तर आपल्या गावात घरी तेलुगू, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी असली हजारो पोरं आहेत, बोर्डाला तेलुगू, कन्नड, उर्दू ह्याही भाषा आहेत, घरच्या भाषेत सहज मार्क पडत असतील तर लाजू नका.

मध्येच एक गंमत सांगतो. माझी एक चुलत बहीण तिकडं कॅलिफोर्नियात आहे, तिच्या मुलीचं आता कॉलेजचं चाललंय. तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची एक यादी असते, तिला ए-जी म्हणतात. नववी ते बारावीत मिळून एक-एक वर्षाचे १५ कोर्स पाहिजेत, इतिहास दोन वर्षं, इंग्लिश चार, गणित तीन, सायन्स दोन, दुसरी भाषा दोन, एक वर्ष चित्रकला-संगीत-नाटक असलं काहीतरी, आणि एक आवडीचा. त्यातले ११ शेवटच्या वर्षाच्या आधी संपलेले पाहिजेत. पोरीला पुढं नाटक करायचं असू दे नाहीतर रॉकेट, गणित तीन वर्षं सुटत नाही. ती व्हिडिओ कॉलवर रडत होती आणि मी इकडं हसत होतो, कारण आपल्याकडं दहावीनंतर एका सहीवर गणित सुटतं, आणि त्या सहीचं पुढं काय होतं ते मी रोज बघतो. हां, तुमच्यापैकी कुणाला बारावीनंतर अमेरिकेला अर्ज करायचा असेल तर नववीपासूनच्या सगळ्या मार्कशीट जपून ठेवा, तिकडं चारही वर्षं बघतात. आपल्याकडं नववीचं प्रगतिपुस्तक रद्दीत जातं.

बरं, विषय चुकलाच तर? अकरावीच्या सुरुवातीला लक्षात आलं तर लगेच कॉलेजात अर्ज द्या, तोंडी नाही, लेखी, आणि पोच घ्या. जसजसा उशीर होईल तसतसं अवघड होत जातं. बारावी झाल्यावर लक्षात आलं तर बोर्डाकडं 'तुरळक विषय' नावाची सोय असते, म्हणजे बारावी पास झालेल्यानं राहिलेला एखादा विषय घेऊन परत परीक्षेला बसायचं. नाव मोठं गमतीचं आहे पण काम करतं. आपला सोलापूर जिल्हा पुणे विभागीय मंडळात येतो, फॉर्म आपल्या कॉलेजातनंच जातो. दुसरा रस्ता एनआयओएस, म्हणजे ओपन स्कूल, तिथंही सुटा विषय देता येतो. मेडिकलसाठी बायोलॉजी असं नंतर जादा विषय म्हणून दिलेलं चालतं, २०२३ च्या नोव्हेंबरात नॅशनल मेडिकल कमिशननं तसं जाहीर केलंय. पण फक्त विषय पास होऊन भागत नाही, त्याची परीक्षा म्हणजे नीट किंवा सीईटीपण द्यायची असते, आणि दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात.

त्या लूमवाल्या दादांच्या पोरीला मी हाच रस्ता सांगितला. बी.फार्मचा पर्याय पण ठेवला होता, पीसीबीवर सहज लागला असता. ती म्हणली नाही, मॅथ्सच देते. वडील गप्प बसले होते, मग खिशातनं मळकी नोट काढून म्हणले, "त्याचा फॉर्म भरा की मग." मी म्हटलं त्याची तारीख अजून निघायचीय, पैसे ठेवा. पुढच्या मार्चला तिनं ४० नंबरचा पेपर दिला, सीईटी पीसीएमची दिली. वर्ष गेलं ते गेलंच, पण आज ती डिप्लोमा करून आलेल्या पोरांच्या शेजारी इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला बसतीय.

अजून एक, तो लातूरचा विषय. पोरगं राहतं लातूरला नाहीतर पुण्याला क्लासला, आणि नाव मात्र कुठल्यातरी खेड्यातल्या ज्युनिअर कॉलेजात. फी दोन्हीकडं. मी चांगलं-वाईट काय म्हणत नाही, पण असं करताना त्या कॉलेजनं पोराच्या नावावर नेमके कुठले विषय टाकलेत ते स्वतः डोळ्यानं बघा. माझ्या भाच्याच्या बाबतीत असंच झालं, कॉलेजचं नाव घेत नाही, आम्ही सांगितलं होतं मॅथ्स आणि बायो दोन्ही, त्यांनी परस्पर बायोच्या जागी जॉग्रफी टाकलं कारण त्यांच्याकडं बायोची लॅबच नव्हती. बोर्डाचा फॉर्म भरताना प्रिंट बघितली म्हणून सापडलं, नाहीतर हॉल तिकिटावरच दर्शन झालं असतं. हजेरी ७५ टक्के लागते तेही विसरू नका.

राखीव जागेवरनं जाणाऱ्यांनी जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाका. विषय बरोबर, मार्क बरोबर आणि व्हॅलिडिटी नाही म्हणून सीट गेली, ह्याच्यासारखं वाईट काय नाही. कॉलेजचं पत्र लागतं, वडील-आजोबांचे जुने पुरावे लागतात, ते गोळा करण्यातच महिने जातात.

आता शेवटी अकरावीच्या फॉर्मचं. २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालंय, सोलापूर धरून, त्यामुळं 'ओळखीनं करून घेऊ' विसरा. रजिस्ट्रेशनला १०० रुपये, पसंतीची कॉलेजं एक ते दहा टाकता येतात, आणि पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं की तिथं जावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतनं बाहेर. म्हणून नंबर एक टाकायच्या आधी त्या कॉलेजात प्रत्यक्ष जाऊन विचारा, तुमच्याकडं मॅथ्स आणि बायो दोन्ही एकाच तुकडीत मिळतं का, जॉग्रफी कुणी शिकवतं का, कॉमर्सला मॅथ्सची तुकडी निघते का. पोर्टलवर शाखा दिसते, विषय कॉलेजच्या खिडकीवर ठरतात, आणि खिडकीवरचा माणूस घाईत असतो. विषयाचा फॉर्म भरला की त्याचा फोटो काढा.

दुकानात येताना दहावीचं मार्कशीट, आधार, दाखला, जातीचा असेल तर तो, आणि चालू असलेला मोबाईल नंबर आणा, ओटीपी येतो, मागच्या वेळी एकानं आज्जीचा नंबर दिला होता आणि आज्जी गाणगापूरला. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहानंतर येऊ नका, साइट पण चालत नाही आणि माझा प्रिंटर पण.